रीसेल फ्लॅट घेताना: वकील कधी नेमायचा, कागद कोणत्या क्रमाने आणि लोक नेमके कुठे चुकतात

फ्लॅट पसंत पडला की बहुतेक घरांत पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी टोकन, मग बँकेत अर्ज, मग एजंटच्या ओळखीतला रजिस्ट्रेशनवाला, आणि कुठेतरी अडलं की वकील. तोवर दोन-पाच लाख हातचे गेलेले असतात. मग वकिलाला विचारलं जातं ते ‘हा फ्लॅट घ्यावा का?’ असं नाही, तर ‘आता पैसे परत कसे मिळतील?’ असं. कागद तेच असतात, खर्चही तोच असतो. क्रम उलटा झाल्याने व्यवहार फसतो.

खालचा क्रम महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थेतल्या रीसेल फ्लॅटसाठी आहे. बिल्डरकडून नवा फ्लॅट घेत असाल तर रेराचे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याचे, नियम लागतात. त्यातला एकच इथे सांगतो: करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

## टप्पा १: वकील आधी, टोकन नंतर

‘सॉलिसिटरच लागतो का?’ हा प्रश्न मुंबईत हमखास येतो. नाही लागत. बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची वेगळी परीक्षा दिल्यावर वकिलाला सॉलिसिटर म्हणवून घेता येतं. मोठ्या जमिनी, पुनर्विकास, कंपन्यांचे व्यवहार अशी कामं सॉलिसिटरांच्या फर्म्सकडे जास्त जातात. सोसायटीतल्या फ्लॅटसाठी बार कौन्सिलची सनद असलेला आणि दस्त-सर्चचं, म्हणजे मिळकतीचे जुने नोंदलेले दस्त शोधून तपासायचं, काम नेहमी करणारा वकील पुरतो. मात्र फौजदारी खटले चालवणारा मेव्हण्याचा मित्र इथे उपयोगाचा नाही, मग तो कितीही हुशार असो. त्याच तालुक्यातल्या दुय्यम निबंधक कार्यालयात ज्याची ये-जा आहे, असा माणूस शोधा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे वकील कोणाचा आहे. व्यवहारात तीन वकील तुम्हाला भेटतील आणि तिघेही तुमचे नसतील. एक विकणाऱ्याचा. दुसरा एजंटने ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून आणलेला. व्यवहार मोडला तर एजंटची दलाली बुडते, त्यामुळे हा सहसा ‘नको घेऊ’ म्हणत नाही. तिसरा बँकेच्या पॅनेलवरचा. त्याची फी तुमच्याकडून घेतात, पण तो बघतो बँकेचं हित: कर्जापुरतं तारण भक्कम आहे की नाही. त्याचा रिपोर्ट बहुधा तुमच्या हातातही देत नाहीत. ‘बँकेने कर्ज मंजूर केलं, म्हणजे टायटल (मालकी हक्क) क्लिअर’ हा या विषयातला सगळ्यांत महागडा गैरसमज आहे.

पहिल्या भेटीत एवढं विचारून घ्या:

- सर्च किती वर्षांचा घेणार? ३० वर्षांचा घ्यायची पद्धत आहे. तो फक्त ऑनलाइन, की कार्यालयातले जुने खंड बघून?
- टायटलबद्दलचं मत सही-शिक्क्यासह लेखी देणार का?
- साठेखताचा (विकण्याच्या कराराचा) मसुदा तुम्ही करणार, की समोरच्याने पाठवलेला फक्त वाचणार?
- नोंदणीच्या दिवशी स्वतः येणार, की कारकुनाला पाठवणार?
- फीमध्ये काय काय आलं? जाहीर नोटिशीचा खर्च, सर्चची फी आणि शेवटचं खरेदीखत यांचे पैसे वेगळे आहेत का?

वकिलाच्या फीचा कोणताही सरकारी दर ठरलेला नाही. फ्लॅटच्या किमतीवर टक्केवारी मागणाऱ्यापेक्षा कामाची ठोक रक्कम सांगणारा बरा, कारण सत्तर लाखांच्या फ्लॅटचा सर्च दीड कोटीच्या फ्लॅटपेक्षा निम्म्या कष्टाचा नसतो.

सावधान: मुद्रांक शुल्काची रक्कम वकिलाच्या, एजंटच्या किंवा रजिस्ट्रेशनवाल्याच्या खात्यात टाकू नका. शासनाच्या ग्रास पोर्टलवर ती तुमच्याच खात्यातून भरता येते आणि चलनावर तुमचं नाव येतं.

## टप्पा २: झेरॉक्सचा गठ्ठा मागवा

विकणाऱ्याकडून आधी झेरॉक्स घ्या आणि मूळ कागद एकदा डोळ्यांनी बघा. ‘मूळ कागद बँकेत आहेत’ असं उत्तर आलं तर बँकेने दिलेली कागदांची यादी मागा. ‘सापडत नाहीत’ असं आलं तर थांबा. पोलिसांत हरवल्याची तक्रार, जाहीर नोटीस, नोंदणी कार्यालयातली प्रमाणित नक्कल हे सगळं विकणाऱ्याने आधी करायचं, तुमचं टोकन घेतल्यावर नाही.

गठ्ठ्यात असायला हवं:

- बिल्डरने पहिल्या मालकाला दिलेला मूळ करार आणि त्यानंतरचा प्रत्येक करार, म्हणजे पूर्ण साखळी
- प्रत्येक कराराची नोंदणी पावती आणि सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी सारांश)
- शेअर सर्टिफिकेट, पुढून आणि मागून
- सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, पार्किंग दिल्याचं पत्र
- भोगवटा प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा
- मालमत्ता कराची आणि विजेची ताजी बिलं
- जमिनीचं मालमत्ता पत्रक किंवा सातबारा
- विकणाऱ्याचं पॅन आणि आधार

शेअर सर्टिफिकेटची मागची बाजू लोक बघतच नाहीत. हस्तांतराच्या सगळ्या नोंदी तिथेच असतात: कोणाकडून कोणाकडे, कोणत्या सभेत, खाली अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्या. ती नावं करारांच्या साखळीशी ताडून पाहा. साखळीत चार मालक आणि मागे दोनच नोंदी असतील, तर एक हस्तांतर सोसायटीच्या दप्तरी झालेलंच नाही.

पार्किंगचंही तसंच. जाहिरातीत ‘स्टिल्ट पार्किंगसह’, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या जागेसह, असं लिहिलेलं असतं. स्टिल्टमधली पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तेव्हा ती जागा विकणाऱ्याला सोसायटीने दिली होती का आणि तुम्हाला पुढे मिळेल का, हे सोसायटीच्या पत्रावरूनच कळेल.

जमिनीचा कागद एवढ्यासाठी पाहायचा की बऱ्याच जुन्या सोसायट्यांच्या नावावर जमीन अजून झालेलीच नाही. अभिहस्तांतरण, ज्याला सगळे कन्व्हेयन्स म्हणतात, ते बिल्डरने करून दिलेलं नसतं आणि सोसायटीने मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डर करून देत नसेल तेव्हा सरकारी कार्यालयाकडून मिळवायच्या कन्व्हेयन्सचा) अर्जही केलेला नसतो. एवढ्यावरून फ्लॅट सोडून द्यायचं कारण नाही, पण पुनर्विकासाच्या आशेने जास्त भाव देत असाल तर भाव कमी करायला हे पुरेसं कारण आहे. मालमत्ता पत्रकावर भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी जमीन) दिसला, किंवा जमीन सिडकोची वा म्हाडाची असली, तर त्या कार्यालयाची परवानगी आणि हस्तांतर शुल्क लागतं का, याचं उत्तर वकिलाकडून लेखी घ्या.

## टप्पा ३: सूची क्रमांक २ नीट वाचा

हा एका पानाचा मराठी कागद म्हणजे अख्ख्या दस्ताचा सारांश आहे. नोंदणी आणि मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरच्या ई-सर्चमध्ये मुंबईतले दस्त १९८५ पासूनचे आणि उरलेल्या महाराष्ट्रातले साधारण २००२ पासूनचे शोधता येतात. त्यामुळे पुणे-नाशिकच्या फ्लॅटचा ३० वर्षांचा सर्च नुसता मोबाइलवर पुरा होत नाही. वकिलाला कार्यालयातल्या खंडांचं काय, हे विचारायचं ते यासाठीच.

वरून खाली असं वाचा. पहिल्या ओळीत विलेखाचा प्रकार असतो. करारनामा, खरेदीखत, हक्कसोड, बक्षीसपत्र, गहाणखत यांतलं काय आहे ते बघा. ‘गहाणखत’ दिसलं तर ते फेडल्याचा दस्त पुढच्या वर्षांत कुठे आहे, तो शोधा. मग मोबदला आणि त्याखाली बाजारभाव. त्यानंतर मिळकतीचं वर्णन. फ्लॅट नंबर, मजला, इमारतीचं नाव, सर्व्हे नंबर हे अक्षर-न्-अक्षर शेअर सर्टिफिकेटशी जुळायला हवं. ‘बी-३०४’ आणि ‘बी-२, ३०४’ ही दोन वेगळी घरं असू शकतात.

क्षेत्रफळ बहुधा चौरस मीटरमध्ये असतं. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. एजंट ‘सहाशे कार्पेट’ म्हणत असेल आणि सूचीत ४६.४५ चौरस मीटर असेल, तर ते ५०० चौरस फूट झाले. मधले शंभर फूट बाल्कनी बंद करून घेतलेले असतात किंवा ते बिल्टअप धरून मोजलेले असतात. दस्तात येणार ४६.४५ च.

पुढे करून देणारे आणि करून घेणारे यांची नावं, वयं, पत्ते, पॅन. करून घेणारे दोघे असतील आणि आज विकायला एकच जण पुढे आला असेल, तर दुसरा कुठे आहे? शेवटी दस्त करून दिल्याचा दिनांक आणि नोंदणीचा दिनांक. या दोन तारखांमध्ये ४ महिन्यांहून जास्त अंतर असेल तर वकिलाला दाखवा. मुदत ४ महिन्यांचीच आहे. पुढच्या ४ महिन्यांत दंड भरून नोंदणी करता येते, त्यानंतर नाही.

तपासा: साखळीतल्या प्रत्येक करारावर त्या वेळचं पूर्ण मुद्रांक शुल्क भरलं आहे का? १९८० ते २००० मधले बरेच करार साध्या स्टॅम्प पेपरवर झाले आणि नोंदलेच गेले नाहीत. कमी मुद्रांकाचा दस्त न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही आणि थकलेल्या शुल्कावर दरमहा २ टक्के दंड चढत जातो. हा खर्च विकणाऱ्याचा आहे. ‘नंतर बघू’ म्हटलं की तो तुमच्या गळ्यात पडतो.

## टप्पा ४: विकणारा खरंच मालक आहे का?

कागद जागेवर असूनही माणूस चुकीचा असू शकतो. फसलेले बरेच व्यवहार इथेच फसतात.

नॉमिनी विकत असेल तर. वडील वारले, सोसायटीने नॉमिनी म्हणून थोरल्या मुलाचं नाव लावलं आणि आता तो फ्लॅट विकतोय. नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही. सोसायटीपुरता तो तात्पुरता सभासद होतो, फ्लॅट मात्र सगळ्या वारसांचा असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या इंद्राणी वाही निकालाचा आधार देऊन कोणी ‘नॉमिनीच मालक’ असं सांगेल. त्या निकालातही वारसांचा हक्क शाबूत ठेवलेला आहे. बहिणी, आई, धाकटा भाऊ यांनी नोंदणीकृत हक्कसोड पत्र करून द्यायला हवं किंवा सगळ्यांनी विकणारे म्हणून दस्तावर सह्या करायला हव्यात. ‘बहिणींना काही नको आहे’ हे तोंडी चालत नाही. तशी परिस्थिती असेल तर बहिणी हक्कसोड करायला तयार होतातच, मग नोंदणी कार्यालयात एक सकाळ घालवायला हरकत काय?

कुलमुखत्यारधारक विकत असेल तर. मुलगा अमेरिकेत, काका इथे सही करणार. मुखत्यारपत्र मूळ बघा. फ्लॅट विकायचा आणि दस्त नोंदवायचा अधिकार त्यात स्पष्ट लिहिलेला हवा. परदेशात केलेलं असेल तर ते भारतीय वकिलातीत साक्षांकित झालेलं आणि इथे आल्यावर ३ महिन्यांत मुद्रांकित केलेलं हवं. नोंदणीच्या आदल्या दिवशी मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोला, कारण मुखत्यारपत्र देणारा वारला की सर्वसाधारणपणे ते संपतं. आणि ज्याची स्वतःची मालकी नुसत्या मुखत्यारपत्रावर उभी आहे, अशा माणसाकडून घर घेऊ नका. अशा व्यवहाराने मालकी मिळत नाही, हे २०११ च्या सूरज लॅम्प निकालापासून पक्कं आहे.

कर्ज असेल तर. विकणाऱ्याचं गृहकर्ज चालू असणं ही अडचण नाही, लपवलेलं कर्ज ही आहे. गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीत, म्हणजे सरसाईच्या संकेतस्थळावर, थोडं शुल्क भरून शोध घेता येतो. वकिलाला तो घ्यायला सांगा.

खटला असेल तर. महाराष्ट्रात मिळकतीवर दावा चालू असल्याची नोटीस नोंदवता येते आणि ती सर्चमध्ये दिसते. शिवाय ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर विकणाऱ्याचं नाव टाकून बघा. फुकट आहे, पंधरा मिनिटांचं काम आहे.

एवढं जमलं की वकिलाने दोन वर्तमानपत्रांत, एका मराठी आणि एका इंग्रजी, जाहीर नोटीस द्यावी. हरकतींसाठी साधारण १४ दिवस देतात. ‘कशाला उगाच हरकती ओढवून घ्यायच्या’ असं विकणारा म्हणाला, तर नोटीस द्यायलाच हवी असं समजा.

## टप्पा ५: टोकन, आणि तेही कागदावर

खरं तर टोकन इथे द्यायचं. पण बाजारात एवढं थांबायला कोणी तयार नसतं, हे मान्य. म्हणून टप्पा २ चे कागद वकिलाने वरवर पाहिल्यावर छोटी रक्कम द्या आणि इसार पावतीत हे वाक्य घाला: ‘खरेदीदाराच्या वकिलांना विकणाऱ्याचा हक्क निर्वेध व विक्रीयोग्य न आढळल्यास, अथवा खरेदीदारास कर्ज मंजूर न झाल्यास, इसाराची संपूर्ण रक्कम १५ दिवसांत परत केली जाईल.’

या वाक्याशिवाय दिलेलं टोकन परत मिळवणं म्हणजे विनवण्या.

पैसे चेकने किंवा बँकेतूनच द्या. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला आयकर कायद्यात बंदी आहे आणि घेतलेल्या रकमेइतकाच दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. ‘थोडे रोख द्या, किंमत कमी दाखवू’ यात तुमचाही तोटा आहे. कर्ज कागदावरच्या किमतीवर मिळतं आणि पुढे विकताना नफा जास्त दिसतो.

## टप्पा ६: साठेखताचा मसुदा

छापील नमुन्यात नावं बदलून केलेला करार चालून जातो, भांडण होईपर्यंत. मसुदा मराठीत असो की इंग्रजीत, चार कलमं शब्दाशब्दाने वाचा.

पैशांचं वेळापत्रक: कोणती रक्कम, कोणत्या तारखेला, कशाच्या बदल्यात. विकणाऱ्याचं कर्ज असेल तर पहिला हप्ता थेट त्याच्या कर्जखात्यात जाईल असं लिहा.

ताबा: ‘पूर्ण रक्कम मिळताच’ एवढंच पुरत नाही. तारीख, फ्लॅट रिकामा हवा, भाडेकरू नको आणि उशीर झाला तर दरमहा किती भरपाई, हे घाला.

सामान: मॉड्युलर किचन, एसी, गीझर, पंखे यांची यादी परिशिष्ट म्हणून जोडा. ही यादी नसेल तर ताब्याच्या दिवशी छताला नुसत्या वायरी लोंबकळताना दिसतात.

थकबाकी: ताब्याच्या तारखेपर्यंतचा मालमत्ता कर, मेंटेनन्स, वीज विकणाऱ्याची, त्यानंतरची तुमची. सोसायटीने मोठ्या दुरुस्तीचा ठराव केला असेल तर ती वर्गणी कोणाची, तेही लिहा. त्यासाठी सर्वसाधारण सभेच्या गेल्या दोन वर्षांच्या इतिवृत्तांची नक्कल मागा.

## टप्पा ७: पैशांचा हिशेब

मुद्रांक शुल्क कराराची किंमत आणि रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला) भाव यांत जे जास्त असेल त्यावर लागतं. दर मुंबईत मेट्रो अधिभार धरून ६ टक्के, तर पुणे, ठाणे, नवी मुंबई, नागपूर इथे ७ टक्के. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. रेडी रेकनर सहसा १ एप्रिलला बदलतो, त्यामुळे मार्चअखेरीस व्यवहार करताना त्या आठवड्याचा दर बघून घ्या.

समजा पुण्यात ७२ लाखांचा फ्लॅट आहे आणि रेडी रेकनरने तो ६८ लाखांचा होतो. शुल्क ७२ लाखांवर: ५,०४,००० रुपये. नोंदणी ३०,०००. खरेदीदार फक्त महिला असेल तर शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे ४,३२,०००. पण हे ७२,००० वाचतात ते दस्तावर एकट्या महिलेचं किंवा सगळ्या महिलांचीच नावं असतील तर. ‘दोघांच्या नावावर घेऊ, पहिलं नाव बायकोचं टाकू’ याने सवलत मिळत नाही.

आता लोक सर्रास विसरतात ते: करकपात. किंमत किंवा रेडी रेकनरचा भाव ५० लाख वा जास्त असेल तर विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का कापून सरकारला भरायची जबाबदारी खरेदीदाराची आहे. वरच्या उदाहरणात ७२,००० कापायचे आणि विकणाऱ्याला ७१,२८,००० द्यायचे. हप्त्यांनी देत असाल तर प्रत्येक हप्त्यातून कापायचं आणि तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत आयकर पोर्टलवर भरायचं. उशिराला रोज २०० रुपये विलंब शुल्क आहे. यातल्या नेहमीच्या चुका:

- दोघं खरेदीदार असताना एकाच्याच पॅनवर भरणं. खरेदीदार-विकणारा अशा प्रत्येक जोडीचा वेगळा फॉर्म लागतो.
- ‘बँक कापेल’ असं धरून चालणं. बँक कापत नाही. ही रक्कम तुमच्या स्वतःच्या वाट्यातून बाजूला ठेवा.
- विकणाऱ्याचं पॅन आधारशी जोडलेलं नसणं. मग दर १ टक्का राहत नाही, २० टक्के होतो.
- विकणारा अनिवासी भारतीय असताना १ टक्का कापणं. तिथे दर खूप जास्त असतो आणि ५० लाखांची मर्यादाही लागू नसते. टोकनच्या आधीच विचारा, ‘तुम्ही आयकराच्या दृष्टीने निवासी आहात का?’ उत्तर नाही असेल तर सीए गाठा. कमी कपातीचा दाखला विकणाऱ्याने आयकर खात्याकडून आणायचा असतो आणि त्याला आठवडे लागतात.

## टप्पा ८: नोंदणीचा दिवस

मुद्रांक शुल्क सह्यांच्या आधी भरलेलं असावं. दस्ताची माहिती ऑनलाइन भरली जाते, ती बहुधा रजिस्ट्रेशनवाला भरतो. इथेच नावं चुकतात. इंग्रजी पॅनवरून मराठी नाव टाइप करताना ‘साठे’चं ‘साथे’ होतं, ‘फडके’चं ‘फाडके’. सूची २ याच माहितीवरून निघते. म्हणून कार्यालयात सही आणि अंगठा देण्याआधी स्क्रीनवर किंवा छापून दिलेल्या मराठी गोषवाऱ्यावर नावं, फ्लॅट नंबर, क्षेत्रफळ, मोबदला वाचा. मागे रांग खोळंबलेली असते, कारकून ‘करा सही’ म्हणतो, तरीही वाचा. नंतर चूक दुरुस्तीचा वेगळा दस्त करावा लागतो आणि त्यासाठी विकणारा पुन्हा यावा लागतो.

सोबत मूळ पॅन, मूळ आधार आणि दोन्ही पक्षांना ओळखणारे दोन जण न्या. आईवडील सहमालक असतील आणि जिना चढवत नसेल तर कार्यालय कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट चालू आहे का, ते आधी विचारून घ्या.

## टप्पा ९: उरलेले पैसे, ताबा, खरेदीखत

कर्जाचा चेक, ताबा आणि मूळ कागद यांचा क्रम असा: बँकेचा पहिला चेक विकणाऱ्याच्या कर्जखात्यात, त्याची बँक कर्ज बंद झाल्याचं पत्र देते, मूळ कागद सुटतात, मग उरलेली रक्कम, चाव्या आणि सही केलेली ताबा पावती एकाच बैठकीत. कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यावेत, नाहीतर बँकेने रोज ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. विकणाऱ्याला हे माहीत नसतं. तुम्ही सांगा.

साठेखत नोंदलं, ताबा मिळाला, की लोक हुश्श करतात आणि खरेदीखत राहूनच जातं. कायद्याने साठेखत म्हणजे विकण्याचा करार, विक्री नव्हे. पूर्ण शुल्क साठेखतावर भरलेलं असेल तर खरेदीखताला नाममात्र मुद्रांक लागतो. चाव्या घ्यायच्या त्याच आठवड्यात ते करून घ्या. दोन वर्षांनी विकणारा परदेशात किंवा हयात नसलेला सापडतो.

तुमच्या कर्जाचं तारण करून दिल्यावर त्याची सूचना-नोटीस (नोटीस ऑफ इंटिमेशन) ३० दिवसांत नोंदवायची असते. बँक करते असं धरू नका, पावती मागा.

## टप्पा १०: सोसायटीत नाव लावणं

आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार) फ्लॅट विकायला सोसायटीचं ना हरकत पत्र बंधनकारक नाही. बँका मात्र मागतात, त्यामुळे व्यवहारात ते घ्यावं लागतं. विकणाऱ्याने आधी सोसायटीला विक्रीच्या इराद्याची नोटीस द्यायची, नंतर दोघांनी मिळून ठरावीक नमुन्यात अर्ज करायचा. सोबत नोंदलेल्या दस्ताची प्रत, सूची २ आणि मूळ शेअर सर्टिफिकेट.

हस्तांतर फी ५०० रुपये, प्रवेश फी १०० रुपये. हस्तांतर अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) सर्वसाधारण सभेने ठरवायचं, पण महापालिका हद्दीत ते २५,००० रुपयांच्या वर घेता येत नाही. नगरपालिका आणि ग्रामपंचायत हद्दीत मर्यादा याहून खाली आहे. ‘आमच्याकडे देणगी घेतात, एक लाख’ असं सचिव म्हणाले तर तोंडी वाद घालू नका. अर्ज आणि २५,००० रुपयांचा चेक आवक शिक्क्यानिशी द्या आणि देणगीची मागणी लेखी द्यायला सांगा. बहुतेक मागण्या इथेच विरतात.

अर्जावरचा निर्णय सोसायटीने ३ महिन्यांत कळवायचा असतो. आवक शिक्क्याची प्रत हातात नसेल तर हे ३ महिने कधी सुरू झाले तेच सिद्ध होत नाही. नकार आला किंवा काहीच कळवलं नाही, तर दाद सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे मागायची. मधल्या काळात मेंटेनन्स नियमित भरत राहा आणि पावती तुमच्या नावाने मागा. मालमत्ता कराचं आणि विजेचं नाव बदलायला शेअर सर्टिफिकेटची वाट बघायची गरज नसते, सूची २ आणि दस्ताची प्रत घेऊन ते अर्ज त्याच आठवड्यात करून टाका.